इंगळाचा नवस

काटा चांगला बोटाच्या पेराएवढा होता, बाभळीचा, आणि वाल्मिकच्या टाचेत तो कधीपासून मुक्कामाला होता ते देवालाच ठाऊक. सुंदरा रोजच्यासारखी सांजेला ओटीवर बसून नवऱ्याच्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी चोळत होती. वाटी टाचेपाशी अडकली. तिनं पाय उजेडाकडे वळवून पाहिलं, बोटानं चाचपलं, डोक्यातल्या पिनेनं कातडं जरा उकरलं आणि नखांत धरून काटा ओढला. काट्यामागून पू आला. वाल्मिक मोबाइलवर बैलगाड्यांची शर्यत बघत होता. त्यानं पाय मागे घेतला नाही, तोंड वाकडं केलं नाही, मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"दुखलं का वो?" सुंदरानं विचारलं.

"काय?" वाल्मिक म्हणाला, आणि पुढची शर्यत लावली.

सुंदरा काटा हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कारण हा काही सोसणारा गडी नव्हता. बोटाला नखुर्डं झालं तर आख्ख्या वाडीला झोपू न देणारा माणूस. दाढीचं ब्लेड लागलं तरी आरशासमोर उभा राहून बायकोला हाक मारायचा आणि ती येईपर्यंत रक्त पुसायचा नाही, तिनं बघावं म्हणून. अशा माणसाच्या टाचेतून काटा ओढला आणि त्याला खबर नाही? तिनं जखम गरम पाण्यानं धुतली, हळद दाबली, फडकं बांधलं. तेवढ्यानं वाल्मिकचं लक्ष गेलं आणि तो म्हणाला, बघितलंस, पूर्वी असतं तर जीव गेला असता, आता कसा पाय दगडासारखा घट्ट झालाय.

दगडासारखा. हा शब्द सुंदराच्या डोक्यात जो बसला तो बसलाच.

आता वाल्मिकच्या पायाची कथा अशी. त्याला साखर. पोशीरच्या अलीकडच्या ह्या वाडीत पूर्वी कुणाला साखर माहीत नव्हती, आता घरटी एकाला आहे. वाल्मिक टेंपो चालवतो, फार्महाउसवाल्यांची रेती-विटा टाकतो, दिवसभर बसून असतो आणि जाईल तिथं चहा पितो. साखरेमागून त्याच्या तळपायांची आग सुरू झाली. आग म्हणजे अशी की हा पठ्ठ्या ओल्या गोणपाटावर पाय ठेवून झोपायचा, अंगावरची चादर पायाला लागली तरी शिव्या द्यायचा. नेरळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या त्यानं काही दिवस खाल्ल्या आणि मग कुणीतरी नाक्यावर सांगितलं की गोळ्यांनी किडनी जाते. नाक्यावरच्या डॉक्टरांना फी नसते, त्यामुळे त्यांचं लगेच पटतं. गोळ्या बंद झाल्या आणि घरगुती सुरू झालं.

सकाळी अनशापोटी कारल्याचा रस. जांभळाच्या बियांची पूड. रात्री भिजवलेली मेथी. उजाडताच बांधावरच्या गवतावर अनवाणी फेऱ्या, दव पायाला लागलं की डोळे थंड होतात म्हणून. ह्यातलं काही वाईट नव्हतं, पण वाल्मिकचा हिशेब न्यारा होता: सकाळी कडू प्यालं की दिवसभराच्या गोडाची फिट्टंफाट. कारल्याच्या जिवावर तो जिलेबी खायचा.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सुंदराची वाटी. वाटी तिच्या माहेरची, खालापुराकडची. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली की पाय काळे पडतात, वाटीही काळी होते, आणि बाया म्हणतात, बघ कशी उष्णता बाहेर पडली. सुंदरानं दोन पावसाळे न चुकता त्याचे पाय घासले. आणि आग कमी झाली की! आधी कमी झाली, मग गेलीच. वाल्मिक चादर घेऊन झोपायला लागला. वाडीभर बोलबाला झाला. शेजारची मोतीबाई आपल्या सांध्यांसाठी यायला लागली, तिच्या मागून आणखी दोघीतिघी. सुंदराला मनातून बरं वाटायचं, का वाटू नये? बाईच्या हाताला यश आलं असं आमच्याकडे उगाच कुणी म्हणत नाही.

पण वाल्मिकनं दवाबरोबर, वाटीबरोबर आणखी एक करून ठेवलं होतं. आग फार झाली होती तेव्हा तो गावदेवीला नवस बोलला होता: आई, माझ्या पायाची आग जाऊ दे, तुझे इंगळ तुडवीन. इंगळ म्हणजे निखारे. चैत्रातल्या जत्रेत देवळापुढं चर खणतात, बाभळीची लाकडं जाळून इंगळ पसरतात, आणि नवसकरी दिवेलागणीला त्यावरून चालत जातात. वाल्मिकची आग गेली, म्हणजे देवी पावली. जत्रा आता तोंडावर आली होती. खोपोलीहून लेक नम्रता आणि जावई यायचे होते. वाल्मिकनं नवं धोतर आणून ठेवलं होतं आणि नाक्यावर सांगून झालं होतं की बाकीचे पळत सुटतात, मी चालीनं जाणार, देवीकडं बघत, सावकाश.

दगडासारखा पाय आणि सावकाश चालणार. सुंदराला त्या दिवसापासून बसवेना की उठवेना.

भाकरी तव्यावर टाकायची आणि ओटीवर जाऊन नवऱ्याच्या पायाकडे बघत राहायची, भाकरीचा कोळसा. दूध उतू गेलं. कपडे भिजवले ते तसेच बादलीत वास मारायला लागले. आणि डोक्यात एकेक जुनं उलगडत चाललं. चप्पल! वाल्मिक एक चप्पल घालून घरी यायचा. दुसरी रस्त्यात कुठंतरी सुटलेली आणि ह्याला पत्ता नाही. सगळे हसायचे, सुंदराही हसली होती, म्हणाली होती की ध्यान कुठं असतं तुमचं. आणि टेंपोचे ब्रेक. ब्रेक ढिले झालेत म्हणून तो दोनदा जलाल मेकॅनिककडे गेला आणि दोन्ही वेळा जलाल म्हणाला, वाल्मिकभाऊ, ब्रेक चांगले आहेत, तुम्हीच दाबत नाही. त्यावर वाल्मिक चार दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

तिनं खात्री करून घ्यायची ठरवली. वाल्मिक दुपारी पडला की ही पायाशी. एकदा थंडगार पितळी तांब्या टेकवून बघितला. एकदा हेअरपिनेचं टोक. एकदा कोंबडीचं पीस घेऊन तळव्यावरून फिरवलं. लग्न झालं तेव्हा हा माणूस पायाला नुसतं बोट लावलं तरी गुदगुल्यांनी लोळायचा. आता तो टक्क जागा, मोबाइल बघत, आणि पाय जागच्या जागी. नेमकी त्याच वेळी मोतीबाई दारात आली. तिनं पीस बघितलं, सुंदराला बघितलं, आणि तोंडाला पदर लावून म्हणाली की लेकीचं लग्न झालं तरी हौस दांडगी आहे. सुंदराला हसू आलं नाही. तिला रडू आलं, आणि मोतीबाई घाबरून परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य उपकेंद्रात गेली. तिथं नेरळहून स्कूटीवर येणारी झिनत सिस्टर असते. पोरगी बोलायला गोड पण आडपडदा ठेवत नाही. सुंदरानं सगळं सांगितलं, काटा, चप्पल, ब्रेक, पीस. सांगता सांगता तिला मनातून वाटत होतं की ही आता हसून म्हणेल, काही नाही हो काकी. झिनत हसली नाही.

"काकी, पाय बरे झाले म्हणून आग थांबली नाही," ती म्हणाली. "साखरेनं नसा मरत आल्या. आधी त्या ओरडत होत्या, आता ओरडायलाच उरल्या नाहीत."

सुंदरानं विचारलं की मग वाटीनं, तुपानं? झिनत म्हणाली, वाटीनं नुकसान नाही झालं, उलट तुम्ही रोज पाय हातात घेत होतात म्हणून काटा तरी सापडला. पण आता ते अनवाणी चालणं आजपासून बंद, जखम डॉक्टरांना दाखवायची, गोळ्या सुरू करायच्या. नसा परत येतील का, असं सुंदरानं विचारलं तेव्हा झिनत म्हणाली, गेलं ते बहुधा परत यायचं नाही काकी, पण पाय वाचेल. आणि इंगळाचं ऐकल्यावर तिनं हातातलं काम खाली ठेवलं. चालताना पाय भाजतो म्हणून माणूस चटचट पाय उचलतो, तेच त्याला वाचवतं. ह्यांना कळणारच नाही. सावकाश चालले तर पाय कापायची वेळ येईल.

सुंदरा वाटेनं कशी आली तिला आठवत नाही. घरी येऊन तिनं सगळं नवऱ्याला सांगितलं, जसंच्या तसं. चूक तिथंच झाली. वाल्मिकला असं काही सांगायचं तर आधी जेवायला वाढावं लागतं.

तो भडकला. माझं बरं झालेलं तुला बघवत नाही का, म्हणाला. कालपर्यंत माझ्या वाटीनं गुण आला म्हणून मिरवत होतीस, आता देवीला नवस फेडायची वेळ आली तर वाटी खोटी, देवी खोटी, एकटी ती सिस्टर खरी? गावाला तोंड काय दाखवू? सुंदरा म्हणाली की तोंड राहू दे, पाय बघा. त्यावर तो उठून टेंपो घेऊन गेला आणि जेवायला आलाच नाही. तिनं नम्रताला फोन लावला, तर ती रडायला लागली आणि म्हणाली, आई, तूच काहीतरी कर, बाबा माझं ऐकतात का? जावयाचं तर नावच नको, त्यानं फक्त व्हिडिओ काढायची तयारी केली होती.

मग ती धाकलू आबांकडे गेली. इंगळाचा मान धाकलू आबांच्या घराण्याचा. चर तेच खणून घेतात, निखारा तेच पसरतात, कुणी चालायचं कुणी नाही हे तेच बोलतात. म्हातारा अंगणात बसून लाकडं निवडत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. नवस बोलणाऱ्यानं मागितलं ते मिळालं असेल तर तो देणं लागतो, मिळालं नसेल तर लागत नाही. देवी काही मोगलाई करत नाही.

"आग गेली का वाल्मिकची?" त्यानं विचारलं.

"आबा, आग नाय गेली," सुंदरा म्हणाली. "पाय गेला."

म्हाताऱ्यानं हातातलं लाकूड बाजूला ठेवलं. मग म्हणाला की पोरी, तुझं मला पटतंय, पण नवस तुझा नाही. मागणं पुरं झालं नाही हे जो नवस बोलला त्यानंच देवीसमोर उभं राहून सांगायचं असतं. आजवर असं कुणी सांगितल्याचं मी तरी बघितलं नाही, कारण सगळ्या गावासमोर देवीला "तू पावली नाहीस" म्हणायचं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यानं सांगितलं तर मी त्याला रांगेतून सोडीन. तू सांगून चालत नाही.

म्हणजे गाडी पुन्हा वाल्मिकपाशी. आणि वाल्मिक तर सुंभ जळला तरी पीळ न जाणाऱ्यातला.

जत्रेचा दिवस उजाडला. सुंदराच्या पायाला भिंगरी. तिनं पुरणपोळ्या केल्या, त्यातल्या निम्म्या करपल्या. नवं धोतर माळ्यावर लपवलं, वाल्मिकनं शोधून काढलं. टेंपोची चावी लपवली, तो म्हणाला, देवळात काय मी टेंपोनं जाणार? दुपारी तिनं त्याचे पाय धरले, अक्षरशः धरले, तर तो गहिवरला आणि म्हणाला की अगं, देवीच्या इंगळानं आजवर कुणाचा पाय भाजलाय का? भाजला होता. वाडीतल्या कोंडीच्या नवऱ्याचा भाजला होता, तो महिनाभर खाटेवर होता, पण तेव्हा सगळे म्हणाले की उपास मोडला असेल. गावाकडे सगळ्याला उत्तर असतं.

दिवेलागण झाली. चरात इंगळ लालबुंद पसरलेले, वाऱ्यानं त्यांच्यावर राख उडायची आणि खालून पुन्हा लाल निघायचे. ढोल सुरू झाले. नवसकऱ्यांची रांग लागली, वाल्मिक त्यात मधोमध, धोतर खोचून, कपाळाला हळद. रांगेत उभं राहिलं की नवसकऱ्यानं नजर देवीवरच ठेवायची, इकडंतिकडं बघायचं नाही. आणि पाळी यायच्या आधी बायकोनं किंवा आईनं परातीत हळदीचं पाणी घेऊन त्याचे पाय धुवायचे. सुंदरा परात घेऊन उभी होती आणि तिला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. लांब उभी असलेली झिनत तिला दिसली. ती मुद्दाम आली होती, मलमपट्टीची पिशवी घेऊन, आणि ती पिशवी बघून सुंदराचा धीर आणखीच सुटला. तिला वाटलं परात टाकावी आणि चराच्या मध्ये जाऊन उभं राहावं, काय व्हायचं ते होऊ दे.

तेवढ्यात मागच्या बाजूला बर्फाच्या गोळेवाल्यानं लादीवर खिळा मारला. खाडकन आवाज झाला.

सुंदरानं मागचापुढचा विचार केला नाही. ती गेली, गोळेवाल्याच्या हाताखालचा लादीचा फुटलेला मोठा तुकडा उचलून परातीत घातला, तो "ओ ताई, ओ ताई" करत राहिला. वरून पाणी ओतलं, हळद टाकली, आणि धावत रांगेपाशी आली. वाल्मिकच्या पुढं दोघंच उरले होते. तिनं परात खाली ठेवली, त्याचा चांगला पाय, काटा नसलेला, उचलून पाण्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी बर्फ तळव्याशी दाबून धरला.

वाल्मिक देवीकडे बघत होता. ओठ हलत होते. पुढचा नवसकरी इंगळावरून पळत गेला, लोक ओरडले, ढोल वाढले. सुंदराच्या बोटांना कळ लागली, मग ती कळ मनगटात चढली, मग बोटं तिची तिला कळेनाशी झाली. वाल्मिकचा पाय तिथंच होता. त्यानं तो हलवलासुद्धा नाही. त्याच्या पुढचा उरलेला नवसकरीही गेला.

"अवो," ती म्हणाली. "एकदा खाली बघा."

नजर काढायची नसते. पण तिचा आवाज असा काही निघाला की त्यानं काढली. खाली पिवळं पाणी, पाण्यात नारळाएवढी बर्फाची ढेप, आणि तिला टेकलेला स्वतःचा पाय. आधी त्याला समजलंच नाही. तो पायाकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग तो वाकला आणि त्यानं हात पाण्यात घातला. हात लगेच बाहेर आला, चटका बसल्यासारखा. त्यानं पुन्हा घातला, पुन्हा काढला. पाय मात्र तिथंच.

"हे कवापासून गार हाय?" त्यानं विचारलं. अगदी हळू.

सुंदरानं आपले हात वर करून दाखवले. लाल झाले होते, बोटं वळत नव्हती.

धाकलू आबांनी वाल्मिकचं नाव घेतलं. लोकांनी वाट करून दिली. जावयानं मोबाइल वर धरला. आबांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. वाल्मिकनं परातीतून पाय काढला, तो चराच्या तोंडाशी गेला, आणि सुंदराला वाटलं, संपलं. इंगळाची धग त्याच्या धोतरावर येत होती. तो त्या लाल चराकडे बघत उभा राहिला आणि एक पाऊल मागे सरकला. माणूस भ्यालेला दिसत होता, आणि त्याला भ्यालेला बघून सुंदराला इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास घेता आला.

"आबा," तो म्हणाला. "माझं मागणं पुरं नाय झालं."

ढोलवाले थांबले. कुणीतरी मागून म्हणालं, काय बोलतोय हा, चादर घेऊन झोपतो की आता. मोतीबाईनं त्याला गप्प केलं. धाकलू आबांनी वाल्मिकच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या ओल्या पायाकडे, आणि अंगारा घेऊन त्याच्या कपाळाला लावला. देवीला कळलं, ते म्हणाले, जा घरी. आणि पुढचं नाव घेतलं.

झिनतनं तिथंच देवळाच्या पायरीवर त्याला बसवून टाच बघितली, नवी पट्टी बांधली आणि सकाळी डॉक्टरांकडे यायचं म्हणून बजावलं. वाल्मिक लहान पोरासारखी मान हलवत होता. जावयाची चप्पल त्याला घालायला दिली. नम्रता बापाच्या एका बाजूनं, सुंदरा दुसऱ्या बाजूनं, असे ते घराकडे निघाले. वाटेत नम्रता पाणी आणायला पुढं गेली तेव्हा वाल्मिक थांबला.

"सुंदरा, ती आग," तो म्हणाला. "ती परत येईल का गं?"

दोन पावसाळे तिनं ती आग जावी म्हणून पाय घासले होते. झिनतचा शब्द न् शब्द तिला पाठ होता. इतके दिवस खरं ऐका म्हणून ती ह्या माणसाच्या मागे लागली होती, आणि आता तो ऐकायला उभा होता तर तिच्या तोंडून खरं निघेना.

"उद्या डॉक्टरांना विचारू," ती म्हणाली. "आता खाली बघून चाला."

तो खाली बघून चालायला लागला, एकेक पाऊल टाकून, पाय जागेवर आहे ना ते बघत.